भाल्याला चकाकी नको

जुना भाला हाती आला की पहिली सूचना येते ती घासूनपुसून लखलखीत करण्याची. कुणी चिंच आणतं, कुणी पॉलिश पेपर, हल्ली तर थेट ग्राइंडर. मला याची मनापासून धास्ती वाटते. तासाभरात पात्याची धार, घडवणाऱ्या लोहाराच्या हातोडीचे ठोके आणि दांडा बसतो त्या नळीवरचं बारीक सोन्याचांदीचं काम, सगळं एकदम जातं. ते पुन्हा मिळवता येत नाही.

भाला हे मराठी घोडेस्वाराचं खास शस्त्र. घोड्यावर बसून, भाला खांद्यावर टेकवून, दोन्ही हातांनी ज्वारीची कणसं चोळून खाणाऱ्या थोरल्या बाजीरावाची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. भाल्याची भावंडं बरीच. विट्याला दोरी असे, फेकला की ओढून परत घेता येई. सांग दांड्यासकट सगळी लोखंडी. बोथाटीच्या टोकाला कापड गुंडाळलेला लाकडी गोळा; तिच्यावर नवशिके स्वार हात बसवत. पण सापडलेला प्रत्येक भाला शिवकालीन नसतो. भाले रानडुकराच्या शिकारीलाही लागत, पालखीपुढे चालणाऱ्या भालदारालाही लागत. गंज जाड आहे म्हणून वय जास्त, हा हिशेब तर आमच्या रत्नागिरीत मुळीच चालत नाही.

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि वाऱ्यात मीठ असतं. त्यातलं क्लोराइड लोखंडाच्या बारीक भेगांत शिरून गंज चढवतं, पण स्वतः संपत नाही. हवा दमट झाली की त्याचं काम पुन्हा सुरू. म्हणून दर पावसाळ्यात तोच भाला नव्याने गंजतो. घट्ट बसलेला काळपट तपकिरी थर असेल तर तो राहू द्यावा, तो पात्याचं रक्षणच करतो. नारिंगी भुकटी, सुटणारे पोपडे, पृष्ठभागावर तपकिरी थेंब दिसले तर मात्र गंज आतून चालू आहे असं समजावं. सुटी भुकटी मऊ ब्रशने काढायची, पातं पूर्ण कोरडं करायचं आणि सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यायचा. संग्रहालयांत टॅनिक ॲसिडही वापरतात. ते गंजाशी मिळून निळसर काळा, टिकाऊ थर करतं. हिरडा आणि हिराकशीची जुनी शाई काळी होते ती याच क्रियेने. पण हे काम जाणकाराच्या हातचं आहे, आणि सोन्याचांदीचं काम असेल तर घरी प्रयोग करूच नयेत.

दांड्याची गोष्ट वेगळी. बांबू चुलीच्या धुरात राहिला की त्याला भुंगा सहज लागत नाही. गॅस आला आणि माळ्यावरच्या वस्तूंचं ते संरक्षण गेलं. भरीव बांबू भाल्याला उत्तम. ब्रिटिशांच्या भालाईत पलटणींनीही हिंदुस्थानातला भरीव ‘नर’ बांबूच पसंत केला. कोकणातला माणगाही जवळजवळ भरीव, तेव्हा वाळवीने दांडा खाल्ला असेल तर बदली लाकूड दूर शोधायला नको. मात्र आधी नळीच्या आत नीट पाहावं. तिथे जुन्या बांबूचा तुकडा, राळ किंवा लाख चिकटलेली असू शकते आणि तोच खरा पुरावा. तो काढू नये. बुडाची शेंबी मिळाली तर तीही जपावी. भाला जमिनीत रोवत, ती झीज तिच्यावर असते. नवा दांडा रंगवून जुना भासवणं ही फसवणूक आहे. नव्या दांड्यावर पेन्सिलीने तो बदलल्याचं साल लिहून ठेवावं.

भाला उभा टेकवून ठेवला की दांडा वाकतो. आडवा, तीन-चार ठिकाणी आधार देऊन, भिंतीपासून दूर ठेवावा.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते: तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. आणि शेतात नांगराला लागलेलं पातं पुरून ठेवलेल्या ठेव्यातलं निघालं, तर १८७८चा निखात निधी कायदा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. पात्याला हात लावण्याआधी फोटो काढून तिथे विचारायला जावं.