मन चिंती ते वैरी न चिंती : आजाराच्या भीतीविषयी

आजचा विषय तसा डॉक्टरांचा. पण त्यात ‘खात्री म्हणजे काय?’ हा आमचा जुना प्रश्न दडलेला आहे, म्हणून मी त्यावर बोलतोय.

‘हायपोकाँड्रिया’ हा शब्द मूळचा ग्रीक. अर्थ काय, तर बरगड्यांच्या कूर्चेखालचा भाग. खिन्नतेचं मूळ तिथं आहे असं जुन्या वैद्यांना वाटे. २०१३ साली अमेरिकेतल्या ‘डीएसएम-५’ या वर्गीकरणातून हे नाव गेलं. शरीराची लक्षणं किरकोळ, पण गंभीर आजाराची धास्ती मोठी आणि ती किमान सहा महिने टिकलेली, अशा अवस्थेला आता ‘इलनेस अँक्झायटी डिसऑर्डर’ म्हणतात.

हे चक्र कसं फिरतं बघा. छातीत जरा धडधडतं. लक्ष तिकडे जातं, भीती वाटते, भीतीनं ठोके आणखी वाढतात, आणि तोच आजाराचा पुरावा वाटतो. मग ईसीजी काढायचा. तो नॉर्मल येतो. चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा शंका येते, ‘तपासणीत काही सुटलं असेल तर?’

इथं मेख आहे. ‘मला कुठलाही आजार नाही’ हे शंभर टक्के सिद्ध करता येत नाही, कोणालाच नाही. रस्ता ओलांडताना आपण तेवढी खात्री मागत नाही. शरीराबाबत मात्र हा माणूस ती मागतो, म्हणून दहावा रिपोर्टही त्याला पुरत नाही.

आमच्या इमॅन्युएल कांटलाही हा त्रास होता. १७९८ च्या एका ग्रंथात त्यानं तो लिहून ठेवलाय. आपली छाती सपाट नि अरुंद, त्यामुळे ती दाटल्यासारखी वाटते. एके काळी त्यापायी जगणंही नकोसं झालं होतं. हा दाब जाणारा नाही हे ओळखून त्यानं तिकडे लक्ष देणं सोडलं. दाब राहिला, डोकं मात्र शांत झालं. कांट जवळजवळ ऐंशी वर्षं जगला.

पण म्हणून निव्वळ निर्धारानं सगळ्यांना हे जमेल असं समजू नका. आणि हसू तर नकाच. मोलिएरनं १६७३ मध्ये काल्पनिक रोग्यावर प्रहसन लिहिलं, ती भूमिका स्वतःच केली. चौथ्या प्रयोगात त्याची प्रकृती बिघडली आणि त्याच रात्री तो गेला. रोगभयानं पछाडलेल्या माणसालाही खरा आजार होऊ शकतो.

तेव्हा घरच्यांनी काय करावं? ‘तुला काही झालेलं नाही, नाटकं करू नकोस’ हे म्हणू नये. त्याची भीती खरी असते. दर तासाला ‘काही होणार नाही’ असा दिलासाही देऊ नये. त्याची सवय लागते. विश्वासाचा एकच डॉक्टर ठरवावा, नवं लक्षण त्यांनाच दाखवावं, इंटरनेटवर शोधाशोध थांबवावी. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीचा, गरज पडल्यास औषधांचा, चांगला उपयोग होतो.

खात्री मिळाल्यावर जगू, असं म्हणणाऱ्याचं जगणं राहूनच जातं. थोडी अनिश्चितता सोबत घेऊनच आपण सगळे चालतो आहोत, मंडळी.