दुरुस्तीचा आकडा आणि त्यामागचा हिशेब

पाऊस ओसरू लागला की गोमंतकातील गॅरेजांपुढे मोटारींची रांग लागते. खड्डे आणि चिखल तुडवून खिळखिळी झालेली गाडी चतुर्थीपूर्वी धडधाकट व्हावी, अशी प्रत्येकाची निकड असते. आणि निकडीत सापडलेले गिऱ्हाईक आकडा ऐकते, हिशेब विचारीत नाही. मासळीच्या वाट्यासाठी दहा रुपयांवरून हुज्जत घालणारे आमचे सद्गृहस्थ "वीस हजार होतील" हे शब्द ऐकून निमूटपणे किल्ली काढून देतात! ज्याचे पोट टॅक्सीवर आहे, त्याच्या घरची तर महिन्याची चूल या एका आकड्यावर अवलंबून असते.

असा एकरकमी आकडा रास्त की अवाजवी, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्याची फोड झाली पाहिजे. कोणता भाग बदलावयाचा, तो मूळ कंपनीचा की अन्य उत्पादकाचा, मजुरी किती आणि कर किती, हे वेगवेगळे लिहून मिळाले तरच तुलना शक्य होते. सुट्या भागाची किंमत पडताळणे त्यातल्या त्यात सोपे आहे. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि तीत सर्व कर धरलेले असतात. त्या किमतीवर पुन्हा कर चढविला असेल, तर तेथेच बोट ठेवावे. शिवाय पूर्वी २८ टक्के वस्तू व सेवा कर असलेले सुटे भाग २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांच्या दरात आले आहेत. जुन्या दराचे कोटक पुढे करणाऱ्यास याची आठवण द्यावी.

मजुरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि येथे गिऱ्हाईकही पुष्कळदा अन्याय करते. क्लच प्लेट हातात मावेल एवढी वस्तू; पण ती बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मोल त्या खटाटोपाचे आहे. त्याच वेळी प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही बदला, असे मेकॅनिक सुचवितो, तेव्हा तो लुबाडतोच असे समजू नये. सहा महिन्यांनी बेअरिंग गेले तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागेल. शॉक ॲब्सॉर्बर जोडीने बदलण्याचा सल्लाही असाच प्रामाणिक असतो.

याउलट वातानुकूलन यंत्राचे पाहा. गाडी थंड होत नाही म्हणताच "गॅस भरावा लागेल" हे उत्तर तयार असते. वास्तविक हा वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो. तो बराच कमी झाला असेल तर गळती कोठेतरी आहे, आणि आमच्या खाऱ्या हवेत कंडेन्सर गंजणे मुळीच नवलाचे नाही. गळती न शोधता गॅस भरण्याचे कोटक कितीही स्वस्त असले, तरी ते महागच. इंजिन धुण्याची द्रव्ये, तऱ्हेतऱ्हेचे लेप अशी कलमे यादीत दिसली, तर गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडून पाहावी. तीत ज्याचा उल्लेखच नाही, त्याची गरज काय, हे गॅरेजवाल्याने पटवून दिले पाहिजे.

मोठ्या कंपन्यांच्या अधिकृत केंद्रांत सर्व आलबेल असते, असा समजही सोडून द्यावा. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले होते. प्रकरण पुढे न्यायालयांत गेले. परंतु नाक्यावरच्या मेस्ताकडे दुसरे मत घेण्यात अपराधीपणा वाटण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

तेव्हा गाडी उघडण्यापूर्वी कोटक लेखी घ्यावे, वाढीव काम निघाल्यास विचारल्यावाचून करू नये असे त्यावरच नोंदवावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र तेथे दाद मागताना हाती कोटक आणि पक्के बिल असू द्यावे. तोंडी ठरलेल्या व्यवहाराला साक्षीदार कोठून आणणार?