यकृताची गाठ काढली, तरी पुढची तपासणी चुकवू नका

काणीचे बेट उपटून जाळले, तरी खोडव्यात फेरी मारावीच लागते. यकृताच्या कर्करोगाचंही तसंच. गाठ लहान असताना काढली, तरी ५ वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग पुन्हा उद्भवतो. म्हणून डॉक्टर रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन पाहतात. गर्भातल्या बाळाचे यकृत हे प्रथिन बनवते. १९६४ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ तातारिनोव्ह यांना ते या रुग्णांच्या रक्तात आढळले. शस्त्रक्रियेआधी ते फार वाढलेले असेल, तर धोका जास्त. नंतर काही आठवड्यांत उतरले, तर लक्षण चांगले. उतरून परत चढू लागले, की दवाखाना गाठा. काहींचे मात्र गाठ असूनही वाढत नाही, म्हणून स्कॅनही हवेच. बरं वाटतंय, तोडणीची गडबड आहे, असं म्हणून तारीख टाळू नका. लवकर सापडलेल्या गाठीवर पुन्हा इलाज होऊ शकतो.