पद्मिनीचा साजशृंगार

चंद्रपूरची कोळशाची धूळ आणि पंचेचाळीस अंशांचे ऊन; गाडीचा रंग टिकावा कसा? वडिलांनी सेकंडहँड घेतलेली आमची पद्मिनी (फियाटचे हे नामकरण १९७४ सालचे) दारात विटून गेली होती. “द्या आता भंगारात!” सौभाग्यवती म्हणाल्या. मन होईना, आणि नवा रंग प्राध्यापकीत परवडेना.

मिस्त्री म्हणाला, “सर, आधी गंज बघा.” दारांच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके मातीने बुजली होती. ती मोकळी केली. गंज खरवडून रेड ऑक्साइड, वर रंगाचा हात दिला. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की चरे पडतात. म्हणून आधी पाणी, मग पॉलिश.

दिवाळीला गडचिरोलीस, सासुरवाडीला निघालो. मूलला चहासाठी थांबलो, तो सौभाग्यवती पदराने बॉनेट पुसताहेत! पदर कोरडाच होता. पण वाचकहो, मी गप्प राहिलो.