साखर तीच, इन्सुलिन निराळं

१९३६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या हॅरल्ड हिम्सवर्थ या डॉक्टरने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेहींना तोंडाने ग्लुकोज द्यायचं, त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन टोचायचं आणि साखर मोजत राहायचं. काहींची साखर फारशी हललीच नाही. टोचलेल्या इन्सुलिनने ग्लुकोजची तिथल्या तिथे वासलात लावली. काहींची मात्र इन्सुलिन आत असूनही भराभर चढत गेली. पहिल्या गटातले बहुतेक तरुण, किडकिडीत. दुसऱ्या गटातले प्रौढ, अंगाने भरलेले.

टोरंटोत इन्सुलिनचा शोध लागून तेव्हा पंधराच वर्षं झाली होती आणि मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा हे समीकरण पक्कं बसलं होतं. हिम्सवर्थचं म्हणणं पटवून द्यायचं तर रक्तातलं इन्सुलिन मोजायला हवं, आणि त्याचं साधन नव्हतं. ते १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी घडवलं. मोजून पाहिलं तर मोठेपणी मधुमेह जडलेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतंच, उलट जास्त होतं. यॅलो यांना या पद्धतीसाठी १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन त्याआधीच, १९७२ मध्ये गेले होते.

म्हणजे उपाशीपोटी १८० शुगर आलेल्या दोघांच्या अंगात अगदी उलट परिस्थिती असू शकते. इन्सुलिन एकाच्यात जेमतेम, दुसऱ्याच्यात भरपूर पण निष्प्रभ.

इन्सुलिन म्हणजे साखर पेशीत ढकलणारं संप्रेरक, एवढंच आपण शाळेत शिकतो. पण यकृताला साखर तयार करण्यापासून रोखणं आणि साठलेली चरबी विरघळू न देणं, ही कामंही त्याचीच. यातलं चरबीचं काम अगदी थोड्या इन्सुलिनवर भागतं. स्नायूंत साखर शिरायला मात्र बरंच जास्त लागतं. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते, तेव्हा तेवढंसं इन्सुलिनही उरत नाही. चरबी वितळू लागते, तिच्यापासून यकृत कीटोन बनवतं, रक्त आम्लधर्मी होतं. पोटात दुखून उलट्या होणारं, धाप लागलेलं मूल घेऊन आईवडील दवाखान्यात येतात आणि मधुमेहाचं निदान होतं ते तिथे. टाइप २ चा माणूस मात्र ३०० साखर घेऊन वर्षभर हिंडू-फिरू शकतो, कारण चरबीला आवर घालण्यापुरतं इन्सुलिन त्याच्याकडे असतं.

दुसऱ्या टोकाला इन्सुलिन-रोध, म्हणजे इन्सुलिन असूनही अवयवांनी ते न जुमानणं. त्यातली खरी गंमत अशी की सगळे अवयव सारखेच हट्टी होत नाहीत. स्नायू दाद देईनात म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि हा वाढीव साठा ज्यांना कळतो त्यांना तो नको इतका कळतो. पीसीओएस या स्त्रियांच्या विकारात बीजांडकोश त्याच्या प्रभावाखाली पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतात. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. मानेवर काळी, मखमली, जाडसर घडी दिसते, तिच्यामागेही हेच. मळ समजून ती घासली जाते आणि घासून ती कधीच जात नाही.

यकृताचं वागणं तर आणखी विचित्र. साखर बनवणं थांबव, हा हुकूम ते मानत नाही. चरबी बनव, हा मानतं. फॅटी लिव्हर आणि चढलेले ट्रायग्लिसराइड्स हे त्याचंच फळ. याचा पुरावा एका अत्यंत दुर्मीळ आजारात मिळाला. काहींच्या पेशींवर इन्सुलिन ओळखणारं प्रथिनच जन्मतः सदोष असतं. त्यांचा इन्सुलिन-रोध भयंकर, तरी यकृत मात्र स्वच्छ आणि ट्रायग्लिसराइड्स बेताचे. त्यांच्या यकृतापर्यंत दोन्ही हुकूम पोचत नाहीत.

आता पुण्याकडे येऊ. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडीचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय नेमका २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. हे फक्त मोठेपणीचं नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंत उणी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखून होती. पुण्यात जन्मलेल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त आढळलं.

यावरून भारतीयांचा सगळा घोटाळा इन्सुलिन-रोधाचाच, असं बरीच वर्षं गृहीत धरलं गेलं. माझ्या मते इथे घाई झाली. २०१८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नव्याने निदान झालेल्या सुमारे नऊ हजार मधुमेहींची पाच गटांत विभागणी केली. इन्सुलिन कमी पडणाऱ्यांच्या डोळ्यांचा पडदा लवकर बिघडतो, इन्सुलिन न जुमानणाऱ्यांचं मूत्रपिंड, असंही त्यांना दिसलं. तीच फूटपट्टी पुण्यात ४५ च्या आत टाइप २ जडलेल्यांना लावली, तर निम्म्याहून जास्त लोक इन्सुलिन कमी पडणाऱ्या गटात निघाले. म्हणजे चरबी जास्त हे खरं, पण स्वादुपिंडाचं बळही मुळात तोकडं. वेल्लोरमध्ये तपासलेल्या, लहानपणापासून कुपोषित राहिलेल्या कृश रुग्णांमध्ये तर इन्सुलिन-रोध जवळपास नव्हताच. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या प्रकाराला टाइप ५ म्हणून मान्यता दिली.

कोण कुठल्या गटात, हे ओळखायला सी-पेप्टाइड ही रक्ततपासणी मदतीला येते. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होताना हा तुकडा त्याच्यापासून सुटतो आणि कुपीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, त्यामुळे इंजेक्शन चालू असलेल्या माणसाचंही स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय ते समजतं. दरवर्षीच्या तपासणीच्या पॅकेजात ती सहसा नसते. पस्तिशीत शुगर निघालेल्या सडपातळ माणसाने आपल्या डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारून बघावं.