कणकेचा गोळा आणि मातीचा बैल

पोळा जवळ आला म्हणजे बीड जिल्ह्यांतील बाजारांत मातीच्या बैलांच्या रांगा दिसूं लागतात. ज्यांच्या दारीं बैल नाहींत, तीं कुटुंबें हीच जोडी पाटावर मांडून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितात. अशा वेळीं मुलें मातीचा हट्ट धरतात, आणि आपल्या सुशिक्षित घरांतून त्यांस ठरलेलें उत्तर मिळतें: “हात खराब होतील, तयार बैल आणून देऊं.” ह्या उत्तराविषयींच आज वाचकांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत.

माती नको म्हणून आतां कांहीं घरांत रंगीत, मऊ लगद्याचे डबे येतात. त्यांपैकीं ‘प्ले-डो’ची जन्मकथा मोठी मौजेची आहे. अमेरिकेंत सिनसिनाटी येथील एक कारखाना भिंतीवरील कागदाची काजळी पुसण्यासाठीं पिठाचा लगदा विकीत असे. घरांतून कोळशाच्या शेगड्या मागें पडल्या आणि हा धंदा बसूं लागला. तेव्हां के झुफॉल ह्या शिक्षिकेनें तोच लगदा आपल्या बालवर्गांतील मुलांच्या हातीं दिला, व १९५६ सालीं तो खेळणें म्हणून बाजारांत आला. त्यांतील मुख्य पदार्थ गव्हाचें पीठ, पाणी व मीठ. म्हणजे पोळ्या करतांना आजी नातवाच्या हातीं देते तो कणकेचा गोळाच, मात्र मीठ भरपूर घातलेला!

तो घरींहि सहज होतो. दोन वाट्या गव्हाचें पीठ, एक वाटी बारीक मीठ व चमचाभर तेल घेऊन, लागेल तसें पाणी घालीत घट्ट मळावें. रंगाला हळद आहेच. मिठामुळें गोळा लवकर आंबत नाहीं. इकडील रोजची भाकरी ज्वारीची. परंतु ज्वारींत गव्हाचा चिकटपणा नसल्यामुळें तिच्या पिठाचीं शिंगें वळतां वळतां तुटतात. एवढें मीठ पोटांत जाणें मात्र वाईट. म्हणून तान्ह्यांपासून हा गोळा दूर ठेवावा. ज्या मुलास गहूं सोसत नाहीं, त्याला मातीच बरी.

आणि माती आपल्या शिवारांत थोडी का आहे? येथील काळी माती ओली असतां फुगते व वाळतां भेगाळते. बैलाचा पाय वाळून तडकला, कीं त्यांत थोडी राख कालवून पाहावी हें मूल आपण होऊन शिकतें. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें केंद्र काढलें, तेव्हां महागड्या साधनांऐवजीं भोवतालच्या साध्या वस्तूंवरच भर दिला होता.

पण साहित्य देऊन आपलें काम संपत नाहीं. आमच्याच घरीं एका मुलानें एकशिंगी बैल केला. आम्हीं कौतुकानें तो हातांत घेतला आणि दुसरें शिंग लावून, पाठ गुळगुळीत करून परत दिला. बैल सुरेख झाला. मुलानें मात्र पुन्हां मातीस हात लावला नाहीं. तो बैल आतां त्याचा उरला नव्हता, हें आम्हांस उशिरां उमगलें. हाताला लागलेली माती तांब्याभर पाण्यानें जाते. “तुला जमत नाहीं” ही समजूत तशी धुतली जात नाहीं.

म्हणून आमची एवढीच विनंती, कीं येत्या पोळ्यास पाटावर बाजारच्या जोडीशेजारीं मुलाचा बैलहि मांडावा. त्याला पाय तीन असले तरी चालतील. नैवेद्य त्यालाहि दाखवावा.