विद्यार्थ्याचे वर्ष : उमेदवारी, प्रवास आणि सेवा

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याचे वर्ष पूर्वी दोन भागांत विभागलेले असे : अभ्यासाचे महिने आणि सुट्टीचे महिने. आता त्या वर्षाचे वाटेकरी वाढले आहेत. एखाद्या प्रयोगशाळेत उमेदवारी करावी, जिला हल्ली इंटर्नशिप म्हणतात. चार ठिकाणी हिंडून देश पाहावा. आणि समाजाचे काही ऋण श्रमाने फेडावे, अशा तीन अपेक्षा त्याच्याकडून एकदम केल्या जातात. तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत यात शंका नाही. परंतु चांगल्या गोष्टींची गर्दी झाली म्हणजे त्या परस्परांच्या वैरी होतात. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यास ही गर्दी त्रासदायक होते. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्यास तीत निवडच करावी लागते, आणि ती निवड चुकली तर त्याचे एखादे वर्ष फुकट जाते.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथील विद्यार्थ्यास पदवीच्या शिक्षणासाठी सेलूची किंवा परभणीची वाट धरावी लागते. प्रवास हा त्याला छंद म्हणून लाभत नाही; तो त्याच्या शिक्षणाचा पहिलाच धडा असतो. मराठवाड्यात ही गोष्ट जुनी आहे. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते हैदराबादेस, आणि त्याचे माध्यम उर्दू. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ औरंगाबादेस १९५८ साली स्थापन झाले. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर १९९४ चे. तोपर्यंत ज्ञान हवे असेल त्याने बिऱ्हाड उचलावे, हाच येथला शिरस्ता होता. त्यातून एक हानीही झाली. जो शिकला तो गेला, आणि जो गेला त्याची विद्या बहुधा गावाच्या उपयोगी पडली नाही.

म्हणून खरा प्रश्न तीन कामे वेळापत्रकात कशी बसवावीत एवढाच नाही. तिन्हींना बांधणारे एखादे सूत्र सापडते काय, हा आहे. ते सूत्र वालूरच्या विद्यार्थ्यास गावातच सापडू शकते. वालूर तेथील जुन्या बारवांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांतील एका बारवेच्या पायऱ्या चक्राकार फिरत खाली उतरतात. कालौघात ती गाळाने आणि झुडपांनी भरली होती. २०२१ च्या सुमारास ग्रामस्थांनी श्रमदान करून ती मोकळी केली. त्याच काळात महाराष्ट्रभर जुन्या बारवांची नोंद घेण्याची व त्या स्वच्छ करण्याची मोहीमही सुरू झाली होती.

बारव स्वच्छ करणे ही सेवा झाली. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याची सेवा तेथे संपत नाही. तेथे ती सुरू होते. पावसाळ्यानंतर या विहिरीत पाणी किती चढते? उन्हाळ्यात ते किती उतरते? ते कशा प्रतीचे आहे? मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तो बनला. अखंड बेसॉल्टात पाणी मुरत नाही; ते राहते ते त्याच्या भेगांत, झिजलेल्या वरच्या भागात आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यांत. म्हणून एका शेतातील विहीर भरलेली आणि शेजारची कोरडी, असा प्रकार येथे नेहमी दिसतो. हे कोडे ग्रंथ वाचून उलगडत नाही. त्यासाठी मोजमाप करावे लागते.

मोजमापास मोठी सामग्री लागते असेही नाही. वजन लावलेली एक मोजपट्टी, काठावरची कायमची एक खूण, पर्जन्यमापक आणि एक वही, इतके साहित्य पुरे. दर आठवड्यास ठरलेल्या वेळी खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर लिहून ठेवावे. पाण्याचा जडपणा काढण्याची रीत पदवीच्या प्रयोगवर्गात शिकविलीच जाते : पाण्यात रंगदर्शक घालावा आणि ईडीटीएचे द्रावण थेंबथेंब सोडावे, लालसर रंग जाऊन निळा आला की हिशेब करता येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये एकूण जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली तर खत किंवा सांडपाणी जमिनीत मुरत असल्याचा संशय घ्यावा. प्रयोगवर्गात गुणांसाठी केलेला तोच प्रयोग येथे गावाच्या घागरीशी जोडला जातो.

आता वेळेचा हिशेब पाहू. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तीत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावी आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर करावे अशी अपेक्षा असते. वर्षाचे १२० तास म्हणजे आठवड्यास सव्वादोन तासांहून थोडे अधिक. सेवा ही अशी थोडी आणि नेमाने करावयाची वस्तू आहे. उमेदवारीचे तसे नाही. तिला सलग आठ आठवडे द्यावे लागतात. भारतातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन-शिष्यवृत्ती देतात, आणि तीत विद्यावेतनाबरोबर रेल्वेचे भाडेही मिळते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी शिबिरे भरविते. पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम या संस्थेत भूजलाचेच शिक्षण मिळते. उन्हाळ्यातील जागेसाठी अर्ज मात्र बहुधा आधीच्या हिवाळ्यातच करावा लागतो. मे महिन्यात जागा झालेल्यास काही मिळत नाही.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती खरोखरीची आहे. विहिरीचे पाणी सर्वांत खाली जाते ते मे महिन्यात, आणि विद्यार्थी प्रयोगशाळेत असतो तोही नेमका त्याच महिन्यात. ज्या नोंदीचे मोल सर्वांत अधिक, तीच चुकण्याचा संभव. शिवाय मृग निघाला की सोयाबीन-कापसाच्या पेरणीची घाई होते आणि घरास त्याचे हात हवे असतात. दरवर्षी सर्व काही साधण्याचा हट्ट धरणाऱ्याचे येथे काहीच साधत नाही. पदवीच्या तीन वर्षांपैकी एक उन्हाळा उमेदवारीस द्यावा, उरलेले घरास आणि गावास द्यावेत. ज्या उन्हाळ्यात तो बाहेर जाईल त्या उन्हाळ्यात मोजपट्टी आणि वही धाकट्या सोबत्याच्या हाती द्यावी, आणि जाण्यापूर्वी महिनाभर त्याला बरोबर घेऊन मोजणे शिकवावे. दुसऱ्यास शिकविता येणार नाही असे काम सेवेच्या नावाखाली आरंभू नये.

पैशाचा प्रश्नही टाळता येत नाही. विनावेतन उमेदवारी ही सुखवस्तू घराची चैन आहे. ज्याच्या घरून महिन्याचा खर्च येणार नाही त्याने विद्यावेतन आणि राहण्याची सोय देणाऱ्या जागाच आधी पाहाव्यात, आणि तसे विचारण्यात संकोच मानू नये. मुलींच्या वाटेत आणखी एक धोंड असते, ती घरच्यांच्या भीतीची. अशा घरांनी कमला सोहोनी यांचे चरित्र आठवावे. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा त्या स्त्री आहेत म्हणून सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रथम नकार दिला. आग्रह धरल्यावर एक वर्षाच्या कसोटीवर प्रवेश मिळाला. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. परत आल्यावर मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन करून त्यांनी आपली विद्या गरिबांच्या आहाराकडे वळविली. प्रयोगशाळा, परदेशप्रवास आणि लोकसेवा या त्यांच्या आयुष्यात वेगळ्या वाटा राहिल्या नाहीत, याचे कारण जीवरसायनशास्त्र हा एकच विषय त्या सर्वत्र बरोबर घेऊन गेल्या.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रकार्य, समाजकार्य आणि कार्यानुभव यांस विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत. हे स्वागतार्ह असले तरी त्यात एक धोका आहे. श्रेयांकाच्या मागे प्रमाणपत्र येते, आणि प्रमाणपत्राच्या मागे सही गोळा करण्याची विद्या येते. पाच संस्थांची पाच प्रमाणपत्रे भिंतीवर लागली आणि गावच्या विहिरीची एक ओळही लिहिली गेली नाही, तर त्या वर्षात विद्यार्थ्याने काय मिळविले?

याची कसोटी सोपी आहे. प्रवासास निघताना त्याच्याजवळ गावाचा एखादा प्रश्न होता काय. प्रयोगशाळेतून परतताना त्या प्रश्नास लागू पडणारी एखादी रीत त्याने आणली काय. आणि ती रीत ग्रामसभेत चार माणसांना कळेल अशा भाषेत त्याने सांगितली काय? या तिन्हींचे उत्तर होय असेल तर त्याचा वेळ नीट वाटला गेला असे समजावे. तो पुढे नोकरीसाठी कोठेही जावो; वहीत दर आठवड्याची ओळ दुसऱ्या हाताने लिहिली जात राहिली, तर शिकलेला मुलगा गावास सर्वस्वी अंतरला असे होणार नाही.